जाहिरातींशिवाय चालणारं सोशल नेटवर्क: जागा नेमकी कुठे आहे?

पाणवठा

आम्ही पाच जण छोट्या गटांसाठी एक नेटवर्क बांधायच्या विचारात आहोत. पक्षिनिरीक्षण करणारे, जुने कॅमेरे दुरुस्त करणारे, एखाद्या दुर्मीळ आजाराच्या रुग्णांचे नातेवाईक, असे पन्नास ते पाचशे माणसांचे गट. मजकूर, फोटो, प्रतिसाद, कार्यक्रमांच्या तारखा, एवढंच. जाहिराती नाहीत आणि कोण काय वाचतं याची नोंदही नाही.

खासगीपणाबद्दल तक्रार सगळेच करतात, पण मोठी नेटवर्क सोडून फारसं कुणी जात नाही. मग ही मागणी खरी आहे की बोलण्यापुरती? शून्यापासून बांधावं की मॅस्टोडॉन किंवा ब्लूस्काय या नेटवर्कांच्या प्रोटोकॉलवर, म्हणजे सर्व्हरांनी एकमेकांशी बोलायच्या खुल्या नियमांवर? सभासदांकडून पैसे घ्यायचे तर कसे? आणि मुख्य प्रश्न: 'आम्ही तुमचा डेटा विकत नाही' असं प्रत्येक कंपनी म्हणते. आम्ही काय करून दाखवलं तर जाणकार माणूस आमच्यावर विश्वास ठेवेल? तत्त्वं आम्हाला पटलेली आहेत, बांधकामाच्या पातळीवरचं सांगा.

चौकट

मुख्य प्रश्न आधी घेते. 'विकत नाही' या वाक्याने काही सिद्ध होत नाही, कारण गाजलेल्या प्रकरणांत मोठ्या कंपन्यांनी डेटा विकलेला नव्हताच. तो साठवलेला होता आणि कुठलं तरी दार उघडं होतं.

केंब्रिज ॲनालिटिका या राजकीय सल्लागार कंपनीने एका ॲपमधून फेसबुकवरच्या लोकांची माहिती मिळवल्याचं प्रकरण २०१८मध्ये बाहेर आलं. प्रश्नावलीचं ते ॲप सुमारे २ लाख ७० हजार लोकांनीच घेतलं होतं, पण माहिती गेली ८ कोटी ७० लाख लोकांची, असा फेसबुकचाच अंदाज. कारण तेव्हाच्या फेसबुकवर एका माणसाच्या परवानगीने त्याच्या मित्रांचीही माहिती ॲपला मिळत असे. २०२१मध्ये फेसबुकच्या ५३ कोटी ३० लाख खात्यांचे फोन नंबर उघड्यावर आले. तिथे कुणी सर्व्हर फोडला नव्हता. 'तुमच्या फोनमधले मित्र शोधा' या सोयीला नंबरांच्या याद्या पुरवून कुठला नंबर कुणाचा हे जुळवून घेतलं होतं. आणि ट्विटरने दुहेरी सुरक्षेसाठी घेतलेले नंबर जाहिराती नेमक्या माणसांपर्यंत पोचवायला वापरले, त्यासाठी २०२२मध्ये त्यांना १५ कोटी डॉलर भरावे लागले.

दुसऱ्याच्या वतीने दिलेली परवानगी, संपर्कयादी आणि एका कामासाठी घेऊन दुसऱ्याच कामाला लावलेली माहिती: ही तीन दारं तुमच्या बांधकामात नसली की निम्मं काम झालं.

संपर्कयादी घेऊच नका. 'आम्ही नंबरांचा हॅश (गणिताने काढलेली सांकेतिक खूण) घेतो' हा उपाय फसवा आहे. दहा अंकी नंबर एकूण १० अब्ज होतात. साधं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला अब्जावधी हॅश काढतं, म्हणजे सगळे शक्य नंबर काही सेकंदांत हॅश करून तुमची यादी उलटी सोडवता येते. सिग्नल या संदेशांच्या ॲपला यासाठी प्रोसेसरमधल्या बंदिस्त भागात जुळणी करणारी वेगळी यंत्रणा उभारावी लागली. छोट्या गटांना याची गरजच नाही. गटचालकाने निमंत्रणाची लिंक द्यावी: सात दिवसांनी मरणारी, आणि किती जण वापरू शकतील याला मर्यादा असलेली. फोन नंबर मागूच नका. ईमेल पुरतो, आणि तोही खातं परत मिळवण्यापुरताच वापरायचा.

फोटोंमध्ये सगळे चुकतात. फोटोतली एक्झिफ माहिती, म्हणजे ठिकाण, वेळ, कॅमेऱ्याचा अनुक्रमांक, ही फोनवरच काढा आणि सर्व्हरवर पुन्हा काढा, कारण ब्राउझरमधून येणारा फोटो तुमच्या ॲपमधून जात नाही. काढताना तीन गोष्टी बिघडतात. फोन कसा धरला होता ही नोंदही एक्झिफमध्येच असते, त्यामुळे आधी फोटो प्रत्यक्ष फिरवून घ्या, नाहीतर उभे फोटो आडवे दिसतील. रंगांची प्रोफाइल सरसकट उडवली की काही फोटोंचे रंग फिके पडतात, ती राहू द्या. आणि एक्झिफमध्ये एक छोटी प्रतिमा दडलेली असते. फोटो संपादनाची काही ॲप मूळ फोटो कातरतात, पण ही छोटी प्रतिमा जुनीच ठेवतात, मग कातरून टाकलेला चेहरा तिथे तसाच राहतो. सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे फोटो उघडून लांब बाजू १६०० पिक्सेल करून नव्याने लिहायचा आणि मूळ फाइल ठेवायचीच नाही.

बाहेरचा कोड हे चौथं दार. दुसऱ्या कंपनीचं लॉगिन बटण, ॲप कोसळल्याची नोंद पाठवणारी लायब्ररी, बाहेरून येणारे फॉन्ट, यांतलं प्रत्येक जण वापरणाऱ्याचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा त्याच्या जोडणीचा क्रमांक, तिसऱ्याला कळवतं. जानेवारी २०२२मध्ये म्युनिकच्या न्यायालयाने निव्वळ गूगलचे फॉन्ट त्यांच्या सर्व्हरवरून आणल्याबद्दल एका संकेतस्थळाला १०० युरो भरपाई द्यायला लावली. रक्कम किरकोळ आहे, पण फॉन्ट स्वतःच्या सर्व्हरवर ठेवायला दहा मिनिटं लागतात. लिंकची झलक दाखवायची असेल तर लिहिणाऱ्याच्या पोस्टबरोबर ती एकदाच सर्व्हरवर तयार करा. प्रत्येक वाचकाच्या फोनने ती आणली, तर लिंकच्या मालकाला तुमच्या सगळ्या सभासदांचे आयपी मिळतात.

फोनवरच्या सूचना सहसा ॲपल आणि गूगलच्या यंत्रणेतूनच जातात, त्याला फारसा इलाज नाही. पण आत मजकूर घालू नका. 'काहीतरी नवं आहे' एवढाच रिकामा इशारा पाठवा, बाकी ॲप स्वतः आणेल. आयफोनवर निव्वळ पार्श्वभूमीतले इशारे खात्रीने पोचत नाहीत. दिसणारी सूचना पाठवून तिचा मजकूर फोनवरच बदलायची सोय आहे, ती वापरा.

तुमचा आजाराचा गट हे सगळ्यात नाजूक उदाहरण. तिथे लिहिलेलं सोडाच, सभासद असणं हीच गुप्त गोष्ट आहे. ईमेलच्या विषयात गटाचं नाव येता कामा नये, कारण ते लॉक केलेल्या फोनच्या पडद्यावरही दिसतं. गटाच्या पानाच्या वेब पत्त्यातही नाव नको, अर्थहीन अक्षरं वापरा. 'पासवर्ड विसरलात?' या पानावर 'हा ईमेल आमच्याकडे नाही' असं उत्तर दिलंत, तर कुणीही कुणाचं सभासदत्व तपासू शकेल. दोन्ही वेळा एकच उत्तर द्या, आणि ते यायला लागणारा वेळही सारखाच असू द्या.

सर्व्हरचे लॉग, म्हणजे त्याच्याकडे आलेल्या मागण्यांच्या आपोआप होणाऱ्या नोंदी, सात दिवस ठेवा. गैरवापर शोधायला एवढे सहसा पुरतात.

निळीशाई

मागणी खरी आहे का, यावर. खरी आहे, पण ती माणूस सोडून जाताना दिसत नाही. जायला फुकट आणि सोपी वाट मिळाली की दिसते. एप्रिल २०२१मध्ये ॲपलने आयफोनवर 'या ॲपला तुमचा माग काढू द्यायचा का?' असा प्रश्न विचारायला लावला. एवढ्या एका प्रश्नाचा २०२२मधला फटका सुमारे १० अब्ज डॉलरचा असेल, असा अंदाज फेसबुकची मालक कंपनी मेटाने स्वतःबद्दलच दिला होता. जानेवारी २०२१मध्ये व्हॉट्सॲपच्या नव्या अटी आल्या तेव्हा लोक झुंडीने सिग्नलवर खाती उघडायला गेले. बरेच जण परत व्हॉट्सॲपवरच बोलू लागले, कारण ज्यांच्याशी बोलायचं ते तिथेच होते. म्हणून तुमची पूर्ण गट एकदम हलवायची कल्पना बरोबर आहे. एकटा माणूस हलला तर त्याला रिकामी खोली मिळते. गट हलला तर पहिल्या दिवशीच बोलायला माणसं असतात.

आता नैतिक पर्यायांचा इतिहास, कारण तुम्ही पहिले नाही. डायस्पोरा या नेटवर्कने २०१०मध्ये १० हजार डॉलर मागितले आणि लोकांनी दोन लाखांवर दिले. पहिला कोड आला तो सुरक्षेच्या भोकांसकट. २०१२मध्ये प्रकल्प स्वयंसेवकांच्या हाती गेला. तो अजून चालतो, पण लहान आहे. ॲप-डॉट-नेटने २०१२मध्ये वर्षाला ५० डॉलर घेऊन जाहिरातमुक्त ट्विटर उभं करायचा प्रयत्न केला आणि मार्च २०१७मध्ये ते बंद झालं. एलो २०१४मध्ये आलं, त्यांनी तर जाहिराती आणि डेटाविक्रीची बंदी कंपनीच्या सनदेतच लिहिली होती. बरोबर गुंतवणूकदारांचे पैसेही घेतले. पुढे ते कलाकारांची साइट झालं, विकलं गेलं आणि २०२३मध्ये बंद पडलं. सनद शेवटपर्यंत मोडली नसेलही, पण सनदेने वीजबिल भरलं जात नाही.

उलट बाजूला व्हॉट्सॲप बघा. वर्षाला एक डॉलर घ्यायचं, जाहिराती नाहीत असं जाहीरपणे सांगायचं. २०१४मध्ये फेसबुकने ते सुमारे १९ अब्ज डॉलरला घेतलं. दोन्हीकडची खाती आपोआप जुळवता येणार नाहीत, असं तेव्हा युरोपीय आयोगाला सांगितलं गेलं. ऑगस्ट २०१६मध्ये अटी बदलून नंबर फेसबुकला देणं सुरू झालं आणि २०१७मध्ये चुकीची माहिती दिल्याबद्दल ११ कोटी युरो दंड झाला. संस्थापकांचा हेतू चांगला होता याबद्दल मला शंका नाही. पण कंपनी विकता येत होती, आणि डेटा कंपनीबरोबर गेला.

म्हणून मी एखाद्या पर्यायाकडे बघतो तेव्हा दोनच गोष्टी तपासतो: हे वचन कोण बदलू शकतो, आणि बदललं तर मला काय उचलून नेता येईल. सहकारी संस्था किंवा विश्वस्त संस्था काढा. अटी बदलायला गटचालकांचं दोनतृतीयांश मत लागेल, असं घटनेतच घाला. हिस्सा मागणारा गुंतवणूकदार घेऊ नका. सिग्नलमागे ना-नफा संस्था आहे म्हणूनच ती विकत घेता येत नाही. मात्र खर्च काय असतो तेही बघा: २०२३मध्ये सिग्नलने दिलेल्या आकड्यांत निव्वळ नोंदणीच्या एसएमएसवर वर्षाला सुमारे ६० लाख डॉलर जात होते. फोन नंबर न मागण्याचं हे दुसरं कारण.

तुमचा हिशोब त्यापुढे फार लहान आहे. एक हजार सभासद, प्रत्येकी महिन्याला २० फोटो, १६०० पिक्सेलचा फोटो सरासरी ४०० किलोबाइट धरला तर महिन्याला ८ जीबी, वर्षाला शंभरच्या आत. हे एका साध्या भाड्याच्या सर्व्हरवर आणि वेगळ्या साठवणीवर आरामात बसतं. व्हिडिओ आला की गणित मोडतं. एका मिनिटाचा पूर्ण एचडी व्हिडिओ ५ मेगाबिट वेगाने साधारण ३७ एमबी होतो, आणि शंभर जणांनी पाहिला की पावणेचार जीबी वाहतूक. शिवाय प्रत्येक व्हिडिओ दोन-तीन आकारांत रूपांतरित करायला प्रोसेसर लागतो. पहिली दोन वर्षं व्हिडिओ नको.

पैसे गटाकडून घ्या, माणसाकडून नको. गटाने वर्षातून एकदा एक रक्कम भरावी, ती वर्गणीतून गोळा करायची की एकाने द्यायची हे त्यांचं ते ठरवतील. यात आणखी एक फायदा असा की पैसे भरणाऱ्याचं नाव एकाच ठिकाणी राहतं, बाकीच्या सभासदांचा बँकेशी किंवा कार्डाशी संबंधच येत नाही.

उंबरठा

निळीशाई यांच्या बहुतेक मुद्द्यांशी सहमत. पण एक सांगावंसं वाटतं: 'पैसे दिले तर खासगीपणा' या मांडणीपासून सावध राहा. नोव्हेंबर २०२३मध्ये मेटाने युरोपात हाच पर्याय ठेवला होता. वेबवर महिन्याला ९.९९ युरो भरा, नाहीतर माग काढायला संमती द्या. एप्रिल २०२५मध्ये युरोपीय आयोगाने त्यावर २० कोटी युरो दंड लावला. ज्या गटाला परवडत नाही त्याला फुकट घ्या, पण त्याच अटींवर, त्याच कोडवर. दोन दर्जे एकदा सुरू झाले की फुकट दर्ज्यातून कमाई काढायची सूचना कुणीतरी करतंच.

तळटीप

प्रोटोकॉलबद्दल. दोन्ही चांगले आहेत आणि तुमच्या कामाला दोन्ही बसत नाहीत.

मॅस्टोडॉन ॲक्टिव्हिटीपब हा प्रोटोकॉल वापरतं, तो जानेवारी २०१८पासून वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेचं मानक आहे. मॅस्टोडॉनची ताकद सार्वजनिक लिखाणात आहे: तुमचा सर्व्हर तुमचा, पण वाचक सगळीकडचे. पोस्ट दुसऱ्या सर्व्हरवर गेली की तिची प्रत तिथे राहते. तुम्ही ती पुसलीत तर त्या सर्व्हरला 'पुसा' अशी विनंती जाते. तो बंद असेल, जुना असेल किंवा मुद्दाम ऐकत नसेल, तर प्रत उरतेच. 'फक्त अनुयायांसाठी' असलेली पोस्टसुद्धा त्या अनुयायांच्या सर्व्हरवर वाचता येण्याजोगी पडते. वैयक्तिक संदेश दोन्हीकडच्या चालकांना डेटाबेसमध्ये दिसू शकतात. सार्वजनिक चर्चेसाठी हे चालतं, आजाराच्या गटासाठी मुळीच नाही.

ब्लूस्कायचा एटी प्रोटोकॉल खातं हलवायला जास्त चांगला आहे. ओळख सर्व्हरपासून वेगळी असते, स्वतःचं डोमेन नाव म्हणून वापरता येतं, आणि पोस्टसकट दुसऱ्या सर्व्हरवर जाता येतं. मॅस्टोडॉनमध्ये अनुयायी बरोबर येतात, पोस्ट जुन्या जागीच राहतात. पण ब्लूस्कायवर पोस्ट, लाइक, कोण कुणाच्या मागे आहे, इतकंच काय, कुणी कुणाला ब्लॉक केलं हेही सार्वजनिक असतं.

मॅस्टोडॉन स्वतः चालवून बघणार असाल तर दोन अडचणी ठरलेल्या. बाहेरच्या सर्व्हरवरचे फोटो तुमच्याकडे साठत जातात आणि काही आठवड्यांत डिस्क भरते, तेव्हा बाहेरच्या माध्यमांची मुदत पहिल्याच दिवशी सात दिवस करून ठेवा. आणि एखादी पोस्ट खूप पसरली की पार्श्वभूमीतल्या कामांची रांग तुंबते. सर्व्हर चालू दिसतो, पण पोस्ट तासाभराने पोचतात. अशा वेळी मेमरी वाढवण्याआधी डेटाबेसच्या जोडण्यांची मर्यादा तपासा. रांगेतली कामं उरकणाऱ्या प्रक्रिया वाढवल्या आणि जोडण्या तेवढ्याच ठेवल्या, तर रांग आणखी तुंबते.

माझा सल्ला असा: गट बंदिस्त ठेवा, दुसऱ्या सर्व्हरशी जोडू नका. पण निर्यात मात्र ॲक्टिव्हिटीस्ट्रीम्सच्या (ॲक्टिव्हिटीपब वापरतं त्या) मांडणीत द्या, म्हणजे उद्या कुणाला बाहेर जायचं असेल तर फाइल दुसऱ्या प्रणालीला समजेल. गटाला एखादं सार्वजनिक पान हवं असेल, तर तेवढंच नंतर जोडता येईल.

पाणवठा

मनापासून आभार. संपर्कयादी, फोन नंबर, व्हिडिओ तिन्ही आराखड्यातून काढले. आता नवा प्रश्न: सर्व्हर आमच्या हाती असेल तर आम्ही मजकूर वाचू शकतो, हे खरंच आहे. मग सगळ्या गटाला एंड-टू-एंड एन्क्रिप्शन, म्हणजे फक्त सभासदांच्या फोनवरच उघडणारं कुलूप, लावावं का? गटांसाठी एमएलएस हे मानक आता तयार आहे असं वाचलं.

उंबरठा

एमएलएस तयार आहे, जुलै २०२३मध्ये इंटरनेट मानकांच्या मालिकेत आरएफसी ९४२० म्हणून प्रसिद्ध झालं. हजारो सभासदांच्या गटातही किल्ल्या बदलण्याचं काम ते आटोक्यात ठेवतं. अडचण मानकात नाही, तुमच्या वापरात आहे.

नवा सभासद आला की त्याला जुनं काही वाचता येत नाही, कारण ते त्याच्या किल्लीने बंद केलेलंच नव्हतं. गप्पांच्या ॲपमध्ये हे चालतं. तुमच्या गटाची किंमतच जुन्या चर्चांत आहे: कुठल्या औषधाबरोबर काय होतं, कुठल्या कॅमेऱ्याचं शटर कसं सोडवायचं. जुन्या किल्ल्या नव्याला द्यायची सोय बांधता येते, पण मग एकदा गटात शिरलेला माणूस सगळा इतिहास घेऊन जाऊ शकतो, आणि एन्क्रिप्शनचं मोल बरंच घटतं. सर्व्हरवर शोध चालत नाही, प्रत्येक फोनवर वेगळी सूची करावी लागते. फोन हरवला आणि किल्लीची प्रत नसली तर त्या माणसाचं सगळं गेलं. ज्येष्ठ सभासद असलेल्या गटांत हे दर महिन्याला घडेल आणि तुम्ही काहीच करू शकणार नाही. त्रासदायक मजकुराची तक्रार आली, तर तो खरंच लिहिला गेला होता हे तुम्हाला पडताळता येत नाही, त्यासाठी वेगळी डिजिटल सही जोडावी लागते.

मी गटाचा चर्चाफलक असा एन्क्रिप्ट करणार नाही. डिस्क एन्क्रिप्ट करीन, बॅकअपची किल्ली वेगळ्या ठिकाणी ठेवीन, आणि डेटाबेसला माणसाने हात लावला की त्याची नोंद गटचालकाला आपोआप दिसेल असं करीन. पहिल्याच पानावर सरळ लिहीन की आमचे दोन तंत्रज्ञ मजकूर पाहू शकतात, आणि कोणत्या परिस्थितीत पाहतात. खासगी संदेशांची सोय मात्र देऊच नका. अर्धवट बांधलेली खासगी पेटी धोक्याची असते, लोक तीत खरंच खासगी गोष्टी टाकतात. ज्यांना एकमेकांशी बोलायचं आहे त्यांनी सिग्नलवर बोलावं. २०२४पासून तिथे नंबर न दाखवता वापरकर्तानावाने बोलता येतं.

चौकट

पुसण्याबद्दल राहिलं. 'खातं पुसा' दाबल्यावर डेटाबेसमधली ओळ जाते, पण बॅकअपमध्ये ती असतेच. बॅकअप ३० दिवसांनी फिरत असेल तर तसं स्पष्ट लिहा. त्याहून चांगलं म्हणजे प्रत्येक सभासदाचे फोटो त्याच्या वेगळ्या किल्लीने बंद करायचे, आणि खातं पुसताना किल्ली नष्ट करायची. किल्ल्यांचा बॅकअप वेगळा आणि दोन-तीन दिवसांचाच ठेवला, की जुन्या बॅकअपमधले फोटो तेवढ्यात निरुपयोगी होतात. बॅकअप परत भरायची वेळ आली तर मधल्या काळात पुसलेली खाती पुन्हा जिवंत होतात, ही चूक सर्रास घडते. पुसलेल्या खात्यांच्या क्रमांकांची एक छोटी यादी बाहेर ठेवा, आणि बॅकअप भरल्यावर ती आधी चालवा.

निळीशाई

आणि बंद पडण्याची तयारी उघडण्याच्या आधी करा. कोहोस्ट या छोट्या जाहिरातमुक्त नेटवर्कने सप्टेंबर २०२४च्या सुरुवातीला बंद होत असल्याचं सांगितलं आणि १ ऑक्टोबरला लिहिणं थांबलं. त्यांनी आधी सांगितलं, लोकांना आपलं लिखाण उतरवून घेता आलं, हे त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे. पण तीन-चार आठवडे पाचशे माणसांच्या गटाला कमी पडतात. सहा महिन्यांचा सर्व्हरखर्च वेगळ्या खात्यात ठेवा, दैनंदिन कामाला त्याला हात लावायचा नाही. खात्यात त्याच्या खाली शिल्लक गेली की ९० दिवसांची सूचना आपोआप सुरू, हे घटनेत लिहा. गटाची निर्यात एका झिप फाइलमध्ये असावी: पोस्ट, प्रतिसाद कुणाला दिलेले आहेत याचे दुवे, फोटो, आणि ब्राउझरमध्ये थेट उघडणारं एक साधं पान. दर महिन्याला एका गटाची निर्यात रिकाम्या सर्व्हरवर भरून बघा. प्रतिसादांची साखळी आणि फोटोंची नावं पहिल्या दोन-तीन वेळा जुळणार नाहीत, तिथेच दुरुस्ती लागते.